सहीची साडी

विलासने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले आहेत. लाल आणि राखाडी, एक सोडून एक. काम चांगलं झालंय. पाणी साचू नये म्हणून उतार काढलाय, मी पायाने दाबून बघितलं, एकही ब्लॉक हलत नव्हता. गाडी आता थेट ओटीपर्यंत येते. तो गाडी पुसत होता आणि मी पायरीवर बसून चहा पीत होते. विलास माझा धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला अलिबागला रजिस्ट्रार ऑफिसात जायचं होतं. गावच्या जमिनीवरचा माझा हक्क मी सोडते आहे, अशा कागदावर मला सही करायची होती, म्हणून मी आदल्या दिवशीच नागावहून माहेरी आले होते. जमीन बंगल्यांसाठी कोणीतरी घेतंय आणि घेणाऱ्याला सातबारावर एकच नाव हवंय.

फाल्गुन संपत आला होता आणि अंगणाला कसलाच वास नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते चहा संपल्यावर.

या दिवसांत इथे कांदा असायचा. भात निघालं की त्याच शेतात पांढरा कांदा लागायचा आणि होळीच्या मागेपुढे तो उपटून अंगणात यायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कांद्याचा थर, त्यावर सुकत चाललेली पात. त्याचा वास बाजारातल्या लाल कांद्यासारखा डोळ्यांत जात नाही. गोडसर असतो, थोडा मातीचा, थोडा दुधाचा. अंथरुणांना, दप्तराला, आईच्या केसांना महिनाभर तोच वास यायचा. यंदा विलासने कांदा लावलाच नाही. विकायच्या जमिनीत कशाला राबायचं, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

आमच्याकडचा कांदा माळेत विकतात. पात कापत नाहीत, त्या पातीचीच वेणी घालायची आणि कांदे एकामागे एक गुंफत न्यायचे. ऊन चढलं की पात कडक होऊन तुटते, म्हणून हे काम सकाळच्या दवात करायचं. आळीतल्या बायका आज आमच्या अंगणात, उद्या सीताकाकीच्या, परवा शेवंताकाकीच्या. गोल करून बसायच्या, माना खाली, हात चालू, तोंड चालू. पुरुष त्या वेळी अंगणात थांबत नसत. कोणी शेतावर जाई, कोणी पोयनाडच्या बाजाराला. मग त्या गोलात सगळं निघायचं. सासूचं, नवऱ्याच्या दारूचं, अंगावरून जाण्याचं, कोणाला पुन्हा दिवस गेलेत आणि तिला ते नकोत, त्याचं. आम्हा मुलींना कोणी उठवत नसे, कारण कांद्याची माती झाडून हातात द्यायचं काम आमचं. मला त्यातलं निम्मं समजत नसे. पण आवाज खाली आला की ऐकायचं, एवढं कळत होतं.

पातीची सळसळ, बांगड्या, मधेच कोणीतरी कडकन बोट मोडल्याचा आवाज. आणि दरवर्षी एकदा तरी निघणारा साड्यांचा विषय.

साधी साडी नाही, सहीची साडी. बाईचा बाप गेला की जमिनीच्या कागदावर भावांबरोबर तिचंही नाव लागतं. मग भाऊ तिला तालुक्याला घेऊन जायचा, ती हक्क सोडल्याची सही करायची आणि भाऊ तिला साडी घ्यायचा. आमच्या आळीत बाप नसलेल्या प्रत्येक बाईच्या पेटीत एक सहीची साडी होती. ती लग्नाकार्याला नेसली की बाकीच्या तिच्या पदराला हात लावून बघायच्या. काठ, पोत, वजन. भाऊ कसा आहे ते त्यावरून ठरायचं.

"माझी मुंबईची हाय," शेवंताकाकी सांगायची. तिचा भाऊ गोदीत कामाला होता. "धक्क्यावरनं लाँचनं आणली त्यानं. रेवसला उतरला तो साडी डोक्यावर धरून. पाणी उडंल म्हणून."

"डोक्यावर साडी धरली व्हय? बहिणीला कदी धरली का डोक्यावर?" कोणीतरी म्हणायचं.

"धरली न्हाय. पण टाकली बी न्हाय."

"माझी बी चांगली होती," सीताकाकी सुरू व्हायची. "पयल्याच धुण्यात रंग उतरला. जमीन बी गेली, रंग बी गेला. भावाला म्हटलं, बाबा, आता आणखीन काय सोडू ते सांग."

सगळ्या हसायच्या. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल सांगता येत नाही, आणि प्रत्येक वेळी त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसायच्या. सीताकाकी स्वतः हसायची नाही. ती पुढचा कांदा घ्यायची.

आईची साडी हिरवी होती, कोयरीच्या काठाची.

आईचं माहेर चौलचं. मामाचा निरोप आला तेव्हा मी दुसरीत असेन. आई शाळेत गेली नव्हती. अंगठा चालला असता, मामाने तसं कळवलंही होतं. पण आईला अंगठा उठवायचा नव्हता. भावाच्या कागदावर काळा ठसा बरा दिसत नाही, म्हणाली. दुपारी भांडी झाली की ती माझी पाटी मागायची. पेन्सिल ती कोयती धरावी तशी मुठीत धरायची. तिचं नाव द्वारका. त्यातलं पहिलंच अक्षर असं की मलाही ते नीट येत नव्हतं, मग आम्ही दोघी मिळून ते चुकायचो. ती परातीत चाळलेल्या पिठावर बोटाने नाव काढायची, चुलीच्या राखेत काढायची, न्हाणीतल्या ओल्या दगडावर काढायची. नाना, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की म्हणायचे, "आज भाकरीवर पण सही हाय का?" आई लाजायची. तिला मी एवढी लाजताना एरवी बघितलेली नाही.

कचेरीतलं मला काही आठवत नाही, मला बाहेर बसवलं होतं. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं आठवतात. आई बाहेर आली ती हसत. बोटाला शाई लागली होती, ती तिने पुसली नाही. मामाने साडी घेतली, मला लाल प्लॅस्टिकची पर्स घेतली, आम्ही बटाटेवडे खाल्ले आणि समुद्रावर गेलो. भरती होती. आईने साडीचं पाकीट छातीशी धरून पाण्यात पाय बुडवले.

तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव कागदावर लिहिलं ते चौलच्या वाडीवरचा हक्क सोडायला. हे वाक्य आज लिहिताना मला ठीक वाटतं. त्या दिवशी कोणी असं म्हटलं असतं तर आईने त्याला घराबाहेर काढलं असतं.

चौलची वाडी मला सुट्टीची आठवते. सुपारीच्या बुंध्यांमधून येणारं हिरवं ऊन. पाटाचं पाणी सोडलं की आधी वास यायचा, मग पाणी दिसायचं. सुपारीच्या ओल्या सालींचा, कुजत्या झावळ्यांचा, जायफळाच्या फुटलेल्या फळाचा. मामी आईला पाटावर बसवायची, तिच्या पानात आधी वाढायची. थंडीत दत्ताच्या जत्रेला गेलो की परतताना मामा नारळ द्यायचा, आईला उचलवणार नाही इतके. सही केलेल्या बहिणीचा मान असाच असतो. तो तिला पुरेपूर मिळाला.

मामा गेल्यावर त्याच्या मुलांनी वाडी विकली. आता तिथे पांढरी भिंत आहे आणि फाटकावर बोलायचं यंत्र. आई शेवटी शेवटी जत्रेला आली होती तेव्हा तिने रिक्षा थांबवायला लावली. भिंतीवरून झाडांचे शेंडे दिसत होते. थोडा वेळ बघून म्हणाली, "नारळ चांगले धरलेत." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चल रे बाबा." मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. रिक्षात तसंही नीट दिसत नाही.

आमच्या घरात सहीची साडी न घेतलेली एकच बाई होती. नानांची बहीण, चंदाआत्या. तिला रेवसच्या बाजूला दिलेली होती. आजोबा गेल्यावर नाना तिला आणायला गेले, अलिबागहून साडी घेऊनच गेले होते, आणि संध्याकाळी एकटेच परत आले, हातात पिशवी तशीच. आत्याने सही का केली नाही, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. नानांना विचारायची सोय नव्हती. आईला विचारलं की ती भांडी जोरात ठेवायची. ती साडी पुढे कोणाच्या तरी आहेरात गेली.

त्यानंतर आत्याला गौरीला आणायला कोणी गेलं नाही. भाऊबीजेला नाना सकाळपासून ओटीवर बसून राहायचे. कुठेही जायचं नसायचं, तरी नवा सदरा घालून.

पण कांद्याच्या दिवसांत आत्या यायची. बोलावणं नसताना. रेवसकडून पहिली एसटी यायची, तिने. चपला फाटकाशी काढायची, गोलाच्या बाहेर अंगणाच्या कडेला बसायची, पुढ्यात कांदे ओढायची आणि एक माळ विणायची. एकच. विणून झाली की डोक्यावर चुंबळ, त्यावर माळ, आणि परत एसटीच्या थांब्याकडे. चहा तिला कोणी विचारत नसे. ती यायच्या सुमाराला नाना बैल पाण्यावर न्यायचे. तिला कोणी हाकलतही नसे. सातबारावर नाव होतं, कोण हाकलणार?

ती बसली की गोल गप्प व्हायचा. मग हळूहळू पुन्हा सुरू व्हायचा, पावसाचं, आजारपणाचं, असलंच काही. साड्या त्या दिवशी निघत नसत.

मी तिच्याजवळ जाऊन बसायची, कारण तिची वेणी सगळ्यांत घट्ट असायची आणि मला ती शिकायची होती. "वढून धर," ती म्हणायची. "लाड नको करू पातीचे. सैल इणलीस तर निम्मे कांदे एसटीत राहतील." तिच्या हातांना माशाचा वास यायचा, कांदा लागला तरी जायचा नाही. याहून जास्त ती माझ्याशी बोलल्याचं आठवत नाही. मी तिची लाडकी भाची वगैरे नव्हते.

एकदा मात्र आईच तिच्याशी बोलली. गोलातून मान न वळवता.

"वन्सं, दरसाल एवढ्या लांबनं येता. एका माळंपायी. रेवसच्या बाजारात कांदा मिळत न्हाय व्हय?"

"मिळतो की."

"मग?"

"तो इकत घ्यायला लागतो, वयनी. हा माजा हाय."

आईने दोन कांदे गुंफले. "एकदाची सही करून टाका ना. घर उघडं होईल तुमाला. एवढं काय हाय हो त्या खारट मातीत?"

"काय न्हाय ना?" आत्या म्हणाली. "मग तुज्या नवऱ्याला माजी सही कशाला पायजे?"

शेवंताकाकीने खोकल्यासारखं केलं. सीताकाकीने पदर तोंडाला लावला.

"मी दिली माज्या भावाला," आई म्हणाली. "आनंदानं दिली."

"दिलीस. चौलला गेलीस की पाटावर बसवतात ना तुला?"

"बसवतात. जाऊन बघा."

"आन् दिली नसतीस तर?"

आईच्या हातातली पात तुटली. तिने ती टाकून दुसरी घेतली. आत्याने माळेला शेवटची गाठ मारली, कांदे झटकले, उठली आणि गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर सीताकाकी एवढंच म्हणाली, "जीभ हाय का कोयती," आणि त्यात राग होता की दुसरं काही ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी आईने माझ्या हाती तिला तांब्याभर पाणी पाठवलं. चहा नाही, पाणी. आत्या प्यायली.

ती गेल्याचं आम्हाला दहावा होऊन गेल्यावर कळलं. तोवर नाना नव्हते, आईही नव्हती. आत्याला मूल नव्हतं, त्यामुळे तिच्या बापाकडून आलेला वाटा कायद्याने परत आमच्याच घरात आला. तलाठ्याने नोंद केली. ज्या नावासाठी तिने सगळ्या भाऊबिजा घालवल्या ते नाव खोडलं गेलं आणि खाली विलासचं आणि माझं नाव राहिलं. मला त्या वेळी काही वाटलं नाही. होमस्टेवर पाहुणे होते, शनिवार होता, जेवणं वाढायची होती.

नागावला आमच्या नारळाच्या वाडीत चार खोल्यांचं होमस्टे आहे. ते मी चालवते. बोर्डावर माझं नाव आहे, सातबारावर अजून सासऱ्यांचं. पंधरा दिवसांपूर्वी तिथे मुंबईच्या बायकांचा एक गट उतरला होता. त्यांचं दोन दिवसांचं शिबिर होतं, बाईचं आयुष्य, बाईचे हक्क असं काहीतरी. झाडांखाली सतरंज्या टाकून गोल करून बसल्या होत्या. मी घावणे नेऊन दिले तर त्यांच्यातल्या अनघाताई, त्याच सगळं चालवत होत्या, म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण बसा ना." मी म्हटलं, गॅसवर वाटण आहे. त्या म्हणाल्या, "बंद करून या." असं मला कोणी म्हणत नाही. मी बंद करून आले.

प्रश्न असा चालला होता, की तुमच्या नावावर काय आहे? एकेकीने सांगायचं. कोणाचा अर्धा फ्लॅट होता, कर्जासकट. एकीची स्कूटर. एक म्हणाली, "ऑफिसच्या दारावर नावाची पाटी आहे, ती धरायची का?" त्यांच्यात एक वकीलबाई होत्या, आदल्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना वारसाहक्क समजावून सांगितला होता. मग त्यांची पाळी आली. "मी सही करून दिलीय," म्हणाल्या. "दहा जणींच्या केसेस लढवल्या आणि स्वतःची सही करून दिली. दादा बोलायचा बंद झाला असता."

"साडी दिली का?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पैठणी," म्हणाल्या. आणि हसायला लागल्या, मग सगळ्याच.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "गॅसचं कनेक्शन." पुन्हा हसणं झालं. मीही हसले. त्यांची चेष्टा करावी असं मला काही दिसलं नाही. बोलणं तेच होतं, अंगणातलंच, शब्द फक्त मोठे. फरक एवढाच, की त्यांच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळे बोलताना त्यांना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. ते अवघड असतं.

त्याच दुपारी विलासचा फोन आला. "ताई, एक सही हवी होती." मग लगेच, "आणि तुला काय पाहिजे ते सांग. साडीबिडी नाही, आता ते जुनं झालं. होमस्टेला डबल डोअर फ्रीज देतो."

फ्रीज मला खरंच हवा होता. जुन्यात पापलेट दोन दिवसांवर टिकत नाही. मी म्हटलं, "बरं. कधी येऊ?"

तर असं होतं. मी सही करायलाच आले होते. जमिनीवर मी कधी राबले नाही, विलास राबला. आईचं शेवटचं आजारपण त्याने आणि त्याच्या बायकोने, सुजाताने काढलं. मला त्याच्याविषयी राग नव्हता, आत्ताही नाही. आत्यासारखं दरवर्षी येऊन बसण्याची माझी तयारी नव्हती, तेवढा वेळच नाही मला. आदल्या रात्री सुजाताने जिताड्याचं कालवण केलं होतं. "ताई, अजून एक तुकडी घ्या," तिने दोनदा म्हटलं आणि मी दोनदा घेतली.

सकाळी ऑफिसात गर्दी होती. फोटो झाला, अंगठा त्या काचेवर ठेवून झाला, विलासचे साक्षीदार सह्या करून मोकळे झाले. अधिकारी बाई होत्या, तरुण, नीटनेटक्या, कामाचा उरक असलेल्या. मला त्या आवडल्या.

"काय लिहिलंय ते वाचलंत? समजलं?"

"हो."

"हक्क स्वखुशीने सोडताय ना? कोणाचा दबाव नाही?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"दबाव नाही," मी म्हटलं. "पण खुशी पण नाही. सही करते मी."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे सही करते. खुशीने करते असं लिहू नका."

"अहो, ते छापलेलंच असतं."

"मग खोडा."

मागे कोणीतरी हसलं. विलास माझ्या खांद्याशी आला. "ताई, मस्करी नको. नुसतं हो म्हण ना. एक शब्द."

"तो खोडता येत नाही, ताई," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "स्वखुशी असेल तर हो म्हणा. नसेल तर मला नोंदवता येणार नाही. बाजूला व्हा, विचार करा. मागे लोक थांबलेत."

मी थोडी थांबले. हो निघेल म्हणून वाट बघितली. एवढी सोपी गोष्ट, मी दिवसातून पन्नास वेळा लोकांना हो म्हणते, जास्तीच्या गादीला, उशिराच्या जेवणाला. निघालं नाही. मी बाजूला झाले. पुढच्या माणसाला हाक मारली गेली आणि तो माझ्या जागी उभा राहिला.

बाहेर विलास बराच वेळ बोलला. पार्टी आलेली आहे, विसाराचे पैसे घेतलेले आहेत, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. "मला आधी सांगितलं असतंस तर वाटा दिला असता. मी नाही म्हणालो असतो का?" हे तो खरंच बोलत होता की नाही ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. मग म्हणाला, "आत्यावर गेलीस. भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस."

"बरं," मी म्हटलं.

तो जाऊन गाडीत बसला आणि काच वर केली. मी झाडाच्या सावलीत उभी राहिले. आता रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. लिंबू सरबताची गाडी दिसली, तर तहान लागलीय एवढंच कळलं. नागावची एसटी किती वाजता असते ते आठवत होते. दुपारी दोन खोल्यांचे पाहुणे येणार होते आणि चादरी अजून दोरीवर होत्या.

आमच्याबरोबर आलेली सुजाता माझ्याकडे आली. ती चालत आली ते पायांकडे बघतच.

"बरं नाही केलंत, ताई," ती म्हणाली. "चार महिने धड झोपलेले नाहीत ते. तुम्हाला काय, तुम्ही नागावला जाल. मला घरात राहायचंय."

"खरं आहे," मी म्हटलं. खरंच होतं.

ती गेली नाही. गाडीकडे बघितलं, पदर सारखा केला.

"एक विचारू?"

"विचार."

"माझ्या भावाचा फोन आलाय. पुढच्या सोमवारी पेणला बोलावलंय."

"कशाला?"

"ह्यालाच." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी येते म्हणून सांगितलंय. साडीचा फोटो पण पाठवलाय त्याने, पसंत कर म्हणून. मोरपंखी आहे." मग तिने विचारलं, "पेणला पण विचारतात का हे? का अलिबागलाच?"

"सगळीकडे विचारत असतील."

"आणि खुशी नाही म्हटलं की ओरडत नाहीत?"

"नाही. बाजूला व्हा म्हणतात."

विलासने हॉर्न दिला. "आले, आले," ती मोठ्याने म्हणाली आणि भरभर चालायला लागली. अर्ध्या वाटेवर थांबली, मागे आली, अगदी जवळ.

"बाजूला म्हणजे कुठे, ताई?"

"खिडकीशी बाकडं असतं," मी म्हटलं. "त्यावर बसायचं."